सांगलीत निघालेला 'कृष्णार्जुन युद्ध' कुणी बघितलाय का? किंवा बघितलेल्या माणसाला तरी?

गावभागकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आमचं घर सांगलीत गावभागात. आजोबा २००६ ला गेले, पण जाईपर्यंत त्यांची एक गोष्ट ठरलेली होती. मास्टर दीनानाथांची बलवंत कंपनी नाटक सोडून सिनेमात उतरली आणि १९३४ ला 'कृष्णार्जुन युद्ध' नावाचा बोलपट काढला, तोही आपल्या सांगलीत. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. त्यांना सिनेमाची गोष्ट काही आठवायची नाही, कोण कुणाशी का लढतं ते विचारलं की गडबडायचे. आठवायचे ते पुढे बसलेले लोक. सांगलीचा प्रेक्षक म्हणजे नाटकाचा, पडद्यावर पद संपलं की सवयीनं 'वन्स मोअर!' म्हणून ओरडायचे. आणि पडद्यावरचा नट कुणाकडं न बघता आपला पुढं चालू. एक म्हातारे खरंच चिडून म्हणाले म्हणे, "नाटकात होता तोवर ऐकत होता, सिनेमात गेला आन् शेफारला."

तर प्रश्न असा की हा सिनेमा आता आहे कुठे? मी गेली चार वर्षं विचारतोय. जुने थेटरवाले, रद्दीवाले, लग्नात भेटलेले लोक, सगळ्यांना विचारून झालं. एक रीळ सोडा, एक फोटो सुद्धा हाताला लागलेला नाही. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ऐकण्यात काही असेल तर सांगा.

हळदबाजार
सापडला!!! यूट्यूबवर अख्खा आहे की भावा. थांब लिंक देतो.

हळदबाजार
सॉरी. तेलुगू निघाला. १९६३ चा, एनटीआर कृष्ण आणि अक्किनेनी अर्जुन. तासभर बघितला मी, आता सांगली येईल मग सांगली येईल म्हणून.

कंदीपेढा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). सांगलीकरांना कृष्णा दिसली की झालं, मग ती कुठल्या का राज्यातली असेना.

पुणे_मुक्काम
गावभागकर, तुमचा उत्साह मोडायचा नाहीये पण जरा आकडे बघा. 'आलम आरा', देशातला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला, बाहेर पोलीस बोलवायला लागले इतकी गर्दी, त्याची एक प्रिंट नाही. कुठेच नाही. आपल्याकडं मूकपट निघाले तेराशेच्या आसपास आणि आज पूर्ण, अर्धे, तुकडे सगळं धरून तीससुद्धा भरत नाहीत. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती, त्यातलं पहिलं आणि शेवटचं राहिलंय, मधली गोष्ट आपल्याला पाठ आहे म्हणून कळते एवढंच. शिवाय ही दोन रिळं १९१३ ची, का फाळक्यांनी १९१७ ला परत काढला त्याची, यावरही जाणकारांत वाद आहे. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' काढला १९२० ला, गेला. मूक 'सावकारी पाश' १९२५ चा, शांताराम त्यात तरुण शेतकरी झाले होते, गेला. पुढं १९३६ ला पेंटरांनी तोच बोलपट करून काढला, पण ती वेगळी गोष्ट.

सरकारी फिल्म संग्रहालय पुण्यात सुरू झालं १९६४ ला. म्हणजे फाळक्यांनंतर पन्नास वर्षांनी आपल्याला आठवलं की अरे हे जपायचं असतं. तिथले पी. के. नायर गावोगाव, तबेल्यात, भंगारात जाऊन रिळं शोधायचे. 'आलम आरा'साठी आर्देशीर इराणींना स्वतः जाऊन भेटले. म्हातारबाबा म्हणाले दोनतीन रिळं असतील कुठंतरी. नायर निघाले तेव्हा मुलानं बाजूला घेऊन सांगितलं की ती मीच मागं चांदीसाठी देऊन टाकली. नायर ही गोष्ट सांगायचे.

एकोळी
चांदीसाठी?? सिनेमात चांदी कुठून आली?

मेणवलीकर
मी रसायनशास्त्र शिकवते त्यामुळे हे माझं :)

काळ्यापांढऱ्या फिल्मवर जे चित्र दिसतं ते चांदीच्या बारीक कणांचंच असतं. शाई नाही, रंग नाही, चांदी. प्रिंट झिजून चालवण्यासारखी राहिली नाही की मालकाच्या दृष्टीनं ती दोन गोष्टींची, वरची चांदी आणि खालचं सेल्युलॉइड. चांदी धुऊन काढायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या, पट्टे, पर्सा करायच्या. कुणाच्या तरी आज्जीच्या हातात 'आलम आरा' खुळखुळला असेल म्हणजे.

दुसरं, १९५० च्या सुमारापर्यंत फिल्मची पट्टी नायट्रेटची असायची. ती प्रकृतीनं बंदुकीच्या कापसाची, म्हणजे स्फोटक गनकॉटनची चुलतबहीण. एकदा पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतः तयार करते, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. आणि नुसती पडून राहिली तरी आधी चिकट होते, मग फेस, मग तपकिरी भुकटी. त्यानंतर जी सेफ्टी फिल्म आली, ॲसिटेटची, ती पेटत नाही पण उष्णता आणि दमटपणा लागला की तिचं व्हिनेगर व्हायला लागतं. डबा उघडला की लोणच्याच्या बरणीसारखा वास. एका डब्याला लागलं की शेजारच्या डब्याला लागतं. आपल्याकडचा उन्हाळा आणि त्यावर पावसाळा, हे दोन्ही सोसायला ती पट्टी बनवलेलीच नाही.

पुणे_मुक्काम
आणि संग्रहालयात पोचलं म्हणजे सुटलं असंही नाही. जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभातच्या जागेत, नायट्रेटच्या गोदामाला आग लागली. मी तेव्हा कॉलेजला होतो, दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर आत सोडत नव्हते. काय काय गेलं त्याची यादी नंतर पेपरात आली ती वाचवत नव्हती.

विटेकर_सून
पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मेणवलीकर ताईंनी चांदीचं लिहिलंय ते वाचून बसल्या जागी दचकले.

आमच्या विटा-खानापूर भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, हे सांगली-साताऱ्याकडं सगळ्यांना माहितीच आहे. सोनं-चांदी गाळायला कुठं कुठं गेलीत, पार तामिळनाडूपासून बंगालपर्यंत. माझे मामे सासरे दक्षिणेत एका गावात दुकान टाकून होते. ते सांगायचे की दवाखान्यातले जुने एक्सरे यायचे, फोटो स्टुडिओतलं धुतलेलं पाणी यायचं आणि मधूनच कुणीतरी सिनेमाची रिळं घेऊन यायचा. पोत्यातनं. वजनावर. मामा म्हणायचे एक पोतं धुतलं की मूठभर पण चांदी निघत नाही, मेहनत फुकट. मी तेव्हा नवीन लग्न झालेली, हसले होते, की सिनेमा धुतात म्हणजे काय.

आता मला वाईट वाटतंय. आमचीच माणसं की हो ही.

कंदीपेढा
ताई तुम्ही का वाईट वाटून घेता. ज्यांनी सिनेमा काढला त्यांनीच विकला, गाळणाऱ्याचा काय दोष. सोनार बाईचं मंगळसूत्र मोडून देतो तेव्हा सोनाराला कोण बोलतं.

आता जरा वाकडं बोलू का. एवढं रडायचं कशाला? गावभागकर तुमची सांगली म्हणजे नाट्यपंढरी ना. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्या रात्रीचं काय शिल्लक आहे? ना आवाज, ना चित्र. बालगंधर्व तुमच्या नागठाण्याचे, त्यांच्या स्टेजवरच्या हजारो रात्री गेल्या त्या गेल्या. नाटक रोज रात्री हरवतं आणि कुणी धागा काढत नाही. मग सिनेमालाच एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं? लोकांनी बघितला, टाळ्या मारल्या, संपला. १९३४ चा तो सिनेमा आज मिळाला तर किती जण अडीच तास बसून बघतील? हळदबाजार तासभर बसला, तो पण चुकून.

हळदबाजार
चुकून नाही, कर्तव्य म्हणून.

गावभागकर
कंदीपेढा, मुद्दा चांगला आहे पण पटला नाही. नाटक हरवणार हे करणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांना माहीत असतं. म्हणून तर वन्स मोअर ओरडतात. सिनेमा काढणारा मात्र समजत असतो की हे आता डब्यात बसलं, उद्या परत लावता येईल. दीनानाथांच्या कंपनीनं होतं नव्हतं ते त्यात घातलं, धंदा बुडाला, सांगली सोडायला लागली, १९४२ ला पुण्यात ते गेले सुद्धा. त्यांच्या रेकॉर्डी आहेत, आवाज आजही लावून ऐकता येतो. आणि ज्याच्यासाठी कंपनी बुडाली तेवढीच गोष्ट नेमकी नाही. त्याचा राग येतो मला.

एकोळी
+१

रिळवाला_अण्णा
नातवानं हा धागा दाखवला. टायपिंग तोच करतोय, मी बोलतोय, तेव्हा भाषा त्याची आणि चुका पण त्याच्याच.

मी साताऱ्याकडचा. १९६८ पासनं तंबू टॉकीजला ऑपरेटर होतो, पंचवीसेक वर्षं. पुसेगावची सेवागिरीची जत्रा, पालीचा खंडोबा, म्हसवड, औंध, सगळीकडं आमचा तंबू. बायका एकीकडं, बाप्ये एकीकडं, मध्ये दोरी. खाली फुफाटा. मशीन कार्बनवर चालायचं, दोन कांड्या समोरासमोर, मधल्या फटीत जाळ, तो जाळ सारखा हातानं सांभाळायचा. जरा लक्ष गेलं की पडद्यावर हीरॉईन हिरवी दिसायची आणि पब्लिक शिट्ट्या.

तुम्ही म्हणताय प्रिंट गेल्या कुठं. मी सांगतो ना कुठं गेल्या. आम्हीच संपवल्या. पुण्या-मुंबईला नवी कोरी चालणार, मग तालुक्याला, मग बाजारच्या गावाला, आणि सगळ्यात शेवटी आमच्या तंबूत. आमच्याकडं येईपर्यंत तिच्यात पाऊस पडत असायचा, सगळ्या रेघा रेघा. फुफाट्यातनं तीनतीन खेळ रोजचे. तुटली की दात गेलेला तुकडा ब्लेडनं कापायचा, कडा खरवडायच्या, फिल्म सिमेंटचा ठिपका, बोटानं दाबून दहापर्यंत मोजायचं, चालू. दरवेळी दोनचार फ्रेम कमी. 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला म्हणतात, आमच्याकडं आलेल्या त्याच्या एका प्रिंटमधे माणूस दारातनं आत यायच्या आधीच खाटेवर बसलेला असायचा, इतके तुकडे पडलेले. पब्लिकला काय फरक पडत नव्हता.

आणि ते वन्स मोअरचं वाचून लई हसलो. गावभागकरसाहेब, तुमच्या आजोबांच्या वेळचा ऑपरेटर कच्चा होता. आमच्या तंबूत लावणी झाली की वन्स मोअर यायचाच, मग आम्ही मशीन थांबवून रीळ हातानं उलटं घेऊन परत लावायचो. पालीला एका रात्री एक लावणी पाच वेळा लावली. पाचव्यांदा लावताना ती तिथंच तुटली. पब्लिकनं तंबूचे खुंटे उपटले.

मेणवलीकर
अण्णा!! हे लिहून ठेवा कुठेतरी. नातवाला कामाला लावा.

कंदीपेढा
अण्णा आमच्या बाजूचे निघाले. सिनेमा वापरून संपवायची गोष्ट आहे, साबणासारखी.

रिळवाला_अण्णा
तसं न्हाई म्हणलो मी. संपवली म्हणलो, चांगलं केलं असं कुठं म्हणलो.

आयर्विन
तंबूचं झालं, आता पुराचं पण ऐका. सांगलीत जुन्या एका थेटरच्या माणसानं आयुष्यभर पोस्टरं, काचेच्या जाहिरातीच्या स्लाइड आणि थोडी रिळं जमवलेली. थेटर बंद पडल्यावर सगळं घरी आणून ठेवलेलं, हरभट रोडच्या मागं. २००५ ला पाणी आलं तेव्हा त्यांनी सगळं एक फळी वर चढवलं, की आता ह्याच्यावर काय येत नाही. २०१९ ला आयर्विन पुलाला ५७ फुटाच्या वर गेलं. आम्ही पोरं बोटीतनं औषधं वाटत होतो तेव्हा त्यांच्या खिडकीपाशी गेलो, तर ते पोटमाळ्यावर बसलेले आणि खाली पाण्यावर पोस्टरं तरंगत होती. सगळ्यात वर एक हात तलवारीसकट. सिनेमाचं नाव पाण्याखाली.

त्यांना म्हटलं काका चला. म्हणाले रिळांचे डबे आधी घ्या. घेतले आम्ही, चार डबे. पुढं दोन महिन्यांनी उघडले तर आत वड्या झालेल्या. वड्याच. सुरीनं कापता येतील अशा.

गावभागकर
आयर्विन, हे काका मला माहीत आहेत बहुतेक. मी गेलो होतो त्यांच्याकडं २०२१ ला, मला म्हणाले होते "होतं, पण आता नाही", आणि विषय बदलला. मला वाटलं लपवतायत.

एकोळी
अवांतर: मेणवलीकर, तुमच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं तेव्हा तुम्ही होता का? शाहरुख दिसला का?

मेणवलीकर
दिसला. लांबून. एवढाच. आता मूळ विषयावर या :)

पुणे_मुक्काम
मगाशी जरा निराशेचं लिहिलं म्हणून आता उलटं. सिनेमे सापडतात पण, आणि जिथं कुणी बघत नाही तिथंच सापडतात. जोन ऑफ आर्कवरचा एक जगप्रसिद्ध मूकपट, मूळ प्रत जळाली म्हणून सगळ्यांनी हात टेकलेले, ती १९८१ ला नॉर्वेत ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात निघाली. 'मेट्रोपोलिस' जर्मन सिनेमा, त्याचा कापून टाकलेला भाग २००८ ला अर्जेंटिनात ब्युनॉस आयर्सला मिळाला. कॅनडात डॉसन म्हणून गाव आहे, तिथल्या जुन्या पोहण्याच्या तलावात भराव म्हणून पाचशेच्या वर रिळं टाकलेली, बर्फाळ जमिनीत टिकली, १९७८ ला खोदकामात वर आली.

आणि आपलं उदाहरण, 'बिल्वमंगल', १९१९ चा, कलकत्त्याचा. त्याचा राहिलेला भाग पॅरिसच्या संग्रहालयात होता. २०१६ ला पुण्याच्या संग्रहालयानं 'जमाईबाबू' या १९३१ च्या बंगाली मूकपटाची प्रत त्यांना दिली आणि बदल्यात हा आणला. चक्क अदलाबदल, लहानपणी आपण स्टॅम्प बदलायचो तसं. यातली ऑस्लोची आणि डॉसनची रिळं तर "शोध हरवलेला सिनेमा" म्हणून डबा उघडणाऱ्याला मिळालेली नाहीत. दुसरंच काहीतरी शोधताना, नाहीतर खड्डा खणताना. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर काही आहे त्यांनी बघा जरा.

विटेकर_सून
मी हेच विचारायला परत आले.

आमच्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं टुरिंग टॉकीज होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे, तिला आम्ही सिनेमाची पेटी म्हणतो, कुणी उघडत नाही कारण वरती गव्हाची पोती असतात. काल धागा वाचला आणि यांना म्हटलं उतरवा. उतरवली. आत गोल डबे अकरा. काहींवर खडूनं लिहिलेलं पण पुसलंय. एक डबा उघडला तर खरंच लोणच्याचा वास आला, मेणवलीकर ताई. आत पट्टी आहे, पूर्ण रीळ नाही, तुकडे तुकडे गुंडाळून दोऱ्यानं बांधलेत. एक तुकडा खिडकीत धरला तर त्यावर अक्षरं आहेत पण मराठी नाही, इंग्रजी पण नाही. कसली तरी वेगळीच लिपी. आमचे हे म्हणतात कानडी असेल. मोडी असू शकते का? जुना सिनेमा म्हणून?

गावभागकर दादा, तुम्हाला पाहिजे तर विटा-सांगली एसटीला पार्सल टाकते.

मेणवलीकर
नको नको नको!!! एसटीत टाकू नका!

ताई शांतपणे ऐका. वास व्हिनेगरचा आहे म्हणजे बहुतेक सेफ्टी फिल्म आहे, घाबरू नका. पण अकराच्या अकरा तशाच असतील असं नाही. सगळे डबे घरातल्या गार जागी, गॅसपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब. जो गंजून बसलाय त्याला स्क्रूड्रायव्हर लावू नका. उघडलेल्या तुकड्याच्या कडेला, भोकांच्या बाहेरच्या बाजूला बघा, बारीक इंग्रजी अक्षरं असतात, 'सेफ्टी' किंवा 'नायट्रेट' असं छापलेलं. शेजारी गोल, चौकोन, त्रिकोण अशी चिन्हं असतील तर फोटो काढा.

विटेकर_सून
'सेफ्टी' आहे. पुढं एक चौकोन आणि एक त्रिकोण. फोटो टाकलाय, मोबाईलचा टॉर्च मागून लावला होता.

पुणे_मुक्काम
ती कोडॅकची वर्षाची खूण. फक्त गंमत अशी की दर वीस वर्षांनी तीच चिन्हं परत येतात, त्यामुळे नुसत्या खुणेवरनं साल पक्कं सांगता येत नाही, दोनतीन सालांपैकी एक. पण त्या काळी थेटरात चालणारी प्रिंट नायट्रेटची असायची, सेफ्टी म्हणजे पन्नासच्या पुढचं धरून चाला. म्हणजे हा तुकडा तरी १९३४ चा नाही, गावभागकर. सॉरी.

कडेला नागमोडी रेघ दिसतेय ना, तो आवाज. सिनेमा बोलका आहे एवढं नक्की.

हळदबाजार
ती लिपी मी झूम करून बघितली. कानडी नाही, माझं अर्धं आजोळ विजापूरला आहे.

रिळवाला_अण्णा
नातवानं फोटो मोठा करून दाखवला. आवं सूनबाई, तुम्ही पट्टी उलटी धरलीय. चकाकी कुठल्या बाजूला आहे बघा, ती खिडकीकडं आणि मळकट बाजू तुमच्याकडं, न्हाईतर उलट करून बघा. सरळ धरली की वाचा काय लिहिलंय.

विटेकर_सून
मध्यंतर.

एकोळी
???

विटेकर_सून
'मध्यंतर' लिहिलंय. दुसऱ्या तुकड्यावर पण 'मध्यंतर'. तिसऱ्यावर 'इंटरव्हल', हिंदीतलं. अख्ख्या डब्यात मध्यंतरच आहे.

कंदीपेढा
हहपुवा हहपुवा. भारतीय सिनेमाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा मध्यंतराचा साठा विट्याला!

रिळवाला_अण्णा
हसू नका. हे आमी सगळेच करत होतो. प्रिंट फाटकी आली की कधीकधी मध्यंतराची पाटीच गायब असायची, कुणीतरी आधीच्या गावाला कापून घेतलेली. मग पब्लिकला कळायचं न्हाई उठायचं कधी, आणि भज्यांचा धंदा बसायचा. म्हणून प्रत्येक ऑपरेटर स्वतःचा साठा ठेवायचा. मी पण ठेवला होता, घर बदलताना गेला. ह्यांच्या चुलत सासऱ्यांचा ऑपरेटर हुशार होता म्हणायचा.

पण मला सांगा, मध्यंतरं एका डब्यात. मग बाकीच्या दहा डब्यांत काय आहे? ऑपरेटर कापलेलं सगळं ठेवत न्हाई. जे आवडतं ते ठेवतो.

गावभागकर
अण्णा, म्हणजे गाणी?

रिळवाला_अण्णा
गाणी, लावण्या, एखादी मारामारी. माझ्याकडं एक देवाचा सीन होता, ज्या गावाला देवाचं काय असेल तिथं मूळ सिनेमाच्या आधी लावायचो. मालकाला म्हाईत नव्हतं. आणि हे तुकडे एका ऑपरेटरकडनं दुसऱ्याकडं जायचे, विड्याच्या बंडलावर. माझ्या उस्तादाकडं त्याच्या उस्तादाचे होते. तेव्हा अकरा डब्यांतलं सगळं एकाच काळातलं असंल असं समजू नका.

मेणवलीकर
हे वाचून काटा आला. ताई, गंजलेला डबा आहे का एखादा? इतरांपेक्षा जुना दिसणारा?

विटेकर_सून
दोन आहेत. सगळ्यात खालचे. एकाचं झाकण पार चिकटलंय. वास वेगळा आहे, लोणच्यासारखा नाही, जरा उग्र, मोजे राहून गेल्यासारखा. कडेला तपकिरी काहीतरी सांडलंय, भाकरीच्या जळक्या पिठासारखं. मी हात नाही लावला.

मेणवलीकर
उत्तम केलंत. अजिबात लावू नका. घरातून बाहेर काढा, सावलीत, एकट्या जागी, भर दुपारी पत्र्याच्या शेडखाली नको. यांना सांगा तिथं विडी सिगरेट बंद. पुढचं जाणकाराशिवाय नाही.

पुणे_मुक्काम
मी उद्याच संग्रहालयात फोन करतो. नायट्रेट असेल तर ते कसं हलवायचं ते तेच सांगतील. आणि गावभागकर, भुकटी झालेली असेल तर तिच्यातनं चित्र निघत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आशा बेताची ठेवा.

गावभागकर
बेताचीच आहे. भुकटी तर भुकटी. ती कसली भुकटी आहे एवढं कळलं तरी चालेल. झाकणावर खडूनं काही लिहिलंय का हो ताई?

विटेकर_सून
एक 'कृ' आहे. पुढचं गंजानं खाल्लंय.

हळदबाजार
बाप रे.

कंदीपेढा
'कृषी' असेल. सरकारी माहितीपट, खतं कशी घालावीत. तेव्हा सिनेमाच्या आधी सक्तीनं दाखवायचे. (तरी पण मला कळवा. मी येतोय.)

रिळवाला_अण्णा
रविवारी मी पण येतो. मला मशीनला हात लावून तीस वर्षं झाली, पण गुंडाळायचं हातरहाट अजून घरात आहे, ते आणतो, चांगल्या डब्यांतलं तरी बघता येईल. पुसेसावळीवरनं सकाळची गाडी आहे, विटा स्टँडवर कुणीतरी न्यायला या. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पाट्या वाचता येत न्हाईत.

विटेकर_सून
हे येतील घ्यायला, पांढरी ॲक्टिव्हा. सगळ्यांनी जेवायलाच या. माळ्यावरचा गहू खाली आलाच आहे.